मोटारीची ताकद आणि सोयाबीनचा भाव

पेट्रोलवर चालणारी मोटार इथेनॉलवर चालू शकते काय, हा प्रश्न आता शास्त्रापुढे उरलेला नाही. ती चालते, आणि इंजिन त्या इंधनासाठी नीट सिद्ध केलेले असेल तर पूर्वीपेक्षा अधिक ताकदीने चालते. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्याआधी काही आठवडे जो वाद रंगला तो मुख्यतः गाडीच्या रबरी नळ्या, टाकीतील गंज आणि घटलेला पल्ला यांच्याभोवती फिरत राहिला. हा वाद खोटा नव्हता, पण अपुरा होता. इंजिनात काय जळते याची चौकशी झाली. ते कोणाच्या शेतातून येते, त्याची किंमत कोण मोजतो आणि लाभ कोणाच्या पदरी पडतो, याची चौकशी झाली नाही. यवतमाळ जिल्ह्यातील कळंबसारख्या कोरडवाहू तालुक्यातून पाहिले म्हणजे हा राहून गेलेला प्रश्नच मुख्य ठरतो.

प्रथम यंत्राची बाजू समजून घ्यावयास हवी, कारण या अर्थकारणाची किल्ली तिच्यातच आहे. पेट्रोलची वेगवान मोटार इथेनॉलवर नेणाऱ्या हौशी लोकांचा एक वर्ग अमेरिकेत व युरोपात बऱ्याच वर्षांपासून आहे. त्यांना प्रदूषणाची चिंता असते असे नव्हे. त्यांना हवी असते ताकद. इथेनॉलचा ऑक्टेन अंक शंभराच्या वर असतो, तर साध्या पेट्रोलचा नव्वदीच्या घरात. हा अंक जितका मोठा तितके इंधन सिलिंडरमध्ये अवेळी भडकण्याचे भय कमी. म्हणून हवा-इंधनाचे मिश्रण अधिक दाबता येते व ठिणगी योग्य क्षणी, जरा आधी, देता येते. शिवाय वाफ होताना इथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेते. त्यामुळे आत येणारी हवा थंड व दाट होते. टर्बो बसविलेल्या इंजिनाला याचा फायदा विशेष होतो. इंडियानापोलिसच्या विख्यात शर्यतीतील मोटारी २००७ साली इथेनॉलवर धावल्या.

या लाभाची दुसरी बाजू तितकीच ठाम आहे. एक लिटर इथेनॉलमधील ऊर्जा ही एक लिटर पेट्रोलमधील ऊर्जेच्या सुमारे दोन तृतीयांश असते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला केवळ ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन अधिक सोडावे लागते. म्हणून रूपांतर करणाऱ्याला मोठे इंजेक्टर बसवावे लागतात, अधिक क्षमतेचा इंधनपंप घ्यावा लागतो, मद्यार्काने न फुगणाऱ्या नळ्या व न गंजणारे भाग वापरावे लागतात आणि इंधन व ठिणगी यांचा हिशेब ठेवणाऱ्या संगणकीय नियंत्रकाची जुळणी नव्याने करावी लागते. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते आणि थंडीत इंजिन सुरू होताना त्रास देते, ते वेगळेच. भारतात असा बदल कोणालाही मनास येईल तसा करता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने तो विहित अटींनी बांधलेला आहे. म्हणून येथे ही वाट उत्पादकांनी काढली. जुलै २०१९ मध्ये टीव्हीएस कंपनीने पूर्णतः इथेनॉलवर चालणारी अपाचे मोटरसायकल आणली, ऑगस्ट २०२३ मध्ये टोयोटाच्या इनोव्हाचा इथेनॉलवर चालणारा नमुना दिल्लीत सादर झाला. मोटरसायकल आधी आली आणि तिला लागणारे इंधन मागाहून: पुण्यात प्रायोगिक पंप २०२१ मध्ये सुरू झाले आणि इंडियन ऑइलच्या १८३ पंपांवर जवळजवळ पूर्णतः इथेनॉलचे इंधन मिळू लागले ते मार्च २०२४ मध्ये.

वेगवान मोटारीचा मालक हे रूपांतर स्वेच्छेने करतो. खर्च त्याचा, निर्णय त्याचा, आणि वाढलेली ताकदही त्याचीच. याउलट, जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाने सुरू झालेला, जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर व २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचलेला कार्यक्रम म्हणजे देशातील कोट्यवधी जुन्या गाड्यांचे, इंजिनाला हातही न लावता, मालकाला न विचारता केलेले आंशिक रूपांतर होय. येथे ना इंजेक्टर बदलले, ना नियंत्रकाची जुळणी झाली. म्हणजे इथेनॉलचा जो तोटा आहे तो गाडीवाल्याला पूर्ण मिळाला आणि जो फायदा आहे तो बहुतांशी मिळालाच नाही.

हा तोटा किती, हे विरोधकांच्या तोंडून ऐकण्याची गरज नाही. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातच तो नोंदलेला आहे. शुद्ध पेट्रोलसाठी घडविलेल्या व दहा टक्क्यांसाठी जुळविलेल्या चारचाकी वाहनांचा पल्ला वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी, तर तशाच दुचाकींचा तीन ते चार टक्क्यांनी घटेल, असा तो अंदाज होता. याच आराखड्याने असेही सुचविले होते की, ऊर्जा कमी असलेल्या या इंधनाची किरकोळ किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावी. अंदाज खरा धरला गेला, सूचना मात्र कागदावर राहिली. महिन्याला तीस लिटर पेट्रोल जाळणाऱ्या दुचाकीवाल्याला, लिटरचा दर शंभराच्या वर असता, यातून सुमारे शंभर रुपयांचा भुर्दंड पडतो. रक्कम लहान दिसते. पण ती शेतमजुरीला, शाळेला, दवाखान्याला जाणाऱ्या माणसाकडून वसूल होते. मोठ्या शहरांत शंभर ऑक्टेनचे इथेनॉलविरहित पेट्रोल लिटरला दीडशेहून अधिक रुपये मोजून घेता येते. निवड आहे, पण ती ज्याच्या खिशाला परवडेल त्याच्यासाठी.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे: हे इथेनॉल येते कोठून? सर्वसाधारण समजूत अशी की ते उसापासून, म्हणजे साखर कारखान्याच्या मळीपासून येते. मळी हा टाकाऊ पदार्थ होता तोवर या व्यवहाराला कोणी हरकत घेण्याचे कारण नव्हते. मोटारीसाठी मद्यार्काचा विचार देशात जुना आहे. त्यासाठीचा कायदा १९४८ सालीच झाला होता. परंतु उद्दिष्ट पाचावरून विसावर नेले तेव्हा मळी पुरेनाशी झाली. प्रथम उसाचा रस थेट डिस्टिलरीत जाऊ लागला. याच नीती आयोगाच्या आराखड्यात उसापासून एक लिटर इथेनॉल होण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते असा हिशेब आहे. पाऊस कमी पडला आणि साखर महागण्याचे भय वाटले तेव्हा ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करणे थांबविले, आठवडाभरात तो आदेश शिथिल केला आणि पुढील हंगामासाठी बंधन उठविले. पोकळी भरून काढली ती धान्याने. २०२५-२६ या पुरवठा वर्षासाठी तेल कंपन्यांनी वाटून दिलेल्या सुमारे १,०४८ कोटी लिटर इथेनॉलपैकी जवळजवळ ७२ टक्के धान्यापासूनचे आहे आणि त्यात एकट्या मक्याचा वाटा सर्वांत मोठा आहे.

धान्याचा हा हिशेब एका टाकीपुरता मांडून पाहावा. एक टन तांदळापासून सुमारे ४५० लिटर इथेनॉल निघते. पूर्णतः इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारीची पन्नास लिटरची टाकी एकदा भरावयाची तर सुमारे १११ किलो तांदूळ लागतो. अन्न सुरक्षा कायद्याखाली माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते. म्हणजे ती टाकी एका माणसाचे बावीस महिन्यांचे रेशन होय. जानेवारी २०२५ मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ डिस्टिलऱ्यांना क्विंटलला २,२५० रुपये दराने देण्याचे ठरले. खरेदी, वाहतूक व साठवण धरून महामंडळाला पडणारा खर्च याहून पुष्कळ अधिक आहे. हा फरक सार्वजनिक तिजोरीतून जातो.

पण कळंबचा संबंध तांदळाशी नाही, उसाशी तर नाहीच. जिल्ह्यातील ऊस पैनगंगेच्या बाजूला, पुसद-उमरखेडकडे. चिंतामणीच्या देवस्थानामुळे सर्वदूर ठाऊक असलेले, यवतमाळ-वर्धा रस्त्यावरील हे तालुक्याचे गाव कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर जगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे आली. रस्ता रुंद झाला. शेतमालाचा भाव मात्र पावसासारखाच बेभरवशाचा राहिला. इथेनॉलच्या गाजावाजात या गावाचे नाव कोठे येत नाही. तरीही त्याच्या शेतकऱ्याच्या उत्पन्नावर इथेनॉलचा घाव पडला आहे, आणि तो मागच्या दाराने पडला आहे.

तो असा. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल काढल्यावर सुमारे ३०० किलो प्रथिनयुक्त चोथा उरतो. व्यापारात त्याला डीडीजीएस म्हणतात. कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात तो चालतो आणि सोयाबीनच्या पेंडीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. सोयाबीनचे गणित असे की, शंभर किलो दाण्यातून तेल जेमतेम अठरा किलो निघते व ऐंशी किलोच्या आसपास पेंड उरते. म्हणजे सोयाबीनचा भाव तेलाइतकाच, किंबहुना अधिक, पेंडीच्या मागणीवर उभा असतो. डिस्टिलऱ्यांचा चोथा बाजारात आला तशी कुक्कुटखाद्य कारखान्यांनी पेंडीची खरेदी कमी केली. पेंड पडली की तेल गिरणी दाण्याला कमी भाव देते, आणि गिरणीचा भाव बाजार समितीतल्या ढिगापर्यंत पोचायला एक दिवस पुरतो. सरकीच्या ढेपेलाही या चोथ्याशी स्पर्धा करावी लागते. म्हणजे कापूसही यातून सुटत नाही.

२०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता. बाजारात माल चार हजारांच्या आसपास विकला गेला. सरकारी खरेदी केंद्रांवर बारा टक्के ओलाव्याची अट होती; ती पंधरा टक्क्यांपर्यंत शिथिल झाली तेव्हा नोव्हेंबरचा मध्य आला होता आणि कर्जाच्या, मजुरीच्या तगाद्याने अनेकांनी माल आधीच व्यापाऱ्याला घातला होता. चार एकरांत सोळा क्विंटल पिकविणाऱ्याला क्विंटलमागे आठशे रुपये कमी मिळाले, तर त्याचे नुकसान १२,८०० रुपये होते. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये झाला. भाव वाढला तो पत्रकात.

या घसरणीचा सारा दोष इथेनॉलच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे होईल. जागतिक बाजारात पेंडीचे भाव उतरले होते, खाद्यतेलाची आयात मोठी आहे आणि मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क वीसवरून दहा टक्क्यांवर आणले गेले. तसेच या धोरणाचे लाभही नाकारता येणार नाहीत. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचले, असे पेट्रोलियम मंत्रालय सांगते. साखर कारखान्यांना रोख पैसा मिळाल्याने उसाची थकबाकी हलकी झाली. मक्याला नवे गिऱ्हाईक मिळाले. परदेशी तेलावरील परावलंबन घटविणे हे कोणत्याही स्वाभिमानी राष्ट्राचे ध्येय असावयास हवे, आणि त्याला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही.

आक्षेप ध्येयाला नाही, हमीच्या वाटपाला आहे. डिस्टिलरीला काय मिळते ते पाहावे: गिऱ्हाईक ठरलेले, कारण सार्वजनिक तेल कंपन्या माल घेणारच, दर ठरलेला, २०२४-२५ मध्ये मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे, कर्जावर व्याजसवलत, वस्तू व सेवा कर पाच टक्के. इतका निर्धोक धंदा देशात दुसरा क्वचितच असेल. ज्या मक्यावर आणि ज्या सोयाबीनच्या बाजारावर हा धंदा उभा आहे ते पिकविणाऱ्याला मात्र यांतील एकही हमी नाही. मका लावा, असा सल्ला कळंबच्या शेतकऱ्याला सहज देता येतो. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून तो राखायचा कसा हे सल्लागार सांगत नाही. आणि राखला तरी काय? नोव्हेंबर २०२५ मध्ये कर्नाटकातील मका उत्पादकांना रस्त्यावर यावे लागले, कारण २,४०० रुपये हमीभाव असता बाजारात १,६०० ते १,८०० रुपयांनी मका विकला जात होता. म्हणजे ज्या पिकाच्या नावाने ही योजना मिरवते, त्या पिकालाही तिने तारले नाही. 'अन्नदाता आता ऊर्जादाता होणार' ही घोषणा कानाला गोड वाटते. पण दात्याचा भाव ठरविण्याचा अधिकार घेणाऱ्याच्याच हाती राहिला.

ब्राझीलचे उदाहरण वारंवार दिले जाते. ते पुरते वाचावयास हवे. पहिल्या तेलसंकटानंतर नोव्हेंबर १९७५ मध्ये त्या देशाने मद्यार्क कार्यक्रम सुरू केला. १९७९ मध्ये पूर्णतः इथेनॉलवर चालणारी मोटार बाजारात आली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यास विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारी तशाच होत्या. पुढे तेल स्वस्त झाले, साखर महागली, कारखाने साखरेकडे वळले आणि १९८९-९० मध्ये इथेनॉलचा तुटवडा पडून त्या मोटारींचे मालक पंपावर ताटकळत राहिले. हा उद्योग पुन्हा उभा राहिला तो २००३ मध्ये कोणत्याही प्रमाणातील मिश्रणावर चालणारी मोटार आल्यावर. तेथील वाहनचालक पंपावर साधा हिशेब करतो: इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून कमी असेल तरच ते भरावयाचे. दोन्ही इंधने वेगळी, दर वेगळे, निवड मालकाची. भारताने ब्राझीलकडून इथेनॉल घेतले, हा हिशेब घेतला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रालयानेच सांगितले की इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत, वाहतूक व कर धरून, लिटरला ७१ रुपये ३२ पैसे पडते व ती शुद्धीकरण केलेल्या पेट्रोलहून अधिक आहे. कमी ऊर्जेचे, अधिक किमतीचे इंधन तोच दर लावून विकावयाचे असेल, तर त्याला निदान स्वस्ताई म्हणू नये.

मग मागणी काय करावयाची? पहिली, इंधनाचा दर त्यातील ऊर्जेवर ठरावा. मिश्रणाने घटलेला पल्ला करसवलतीने भरून द्यावा आणि जुन्या वाहनांसाठी दहा टक्के मिश्रणाचे पेट्रोल प्रत्येक तालुक्यात उपलब्ध असावे. दुसरी, धान्यापासूनच्या इथेनॉलचा दर ठरविताना चोथ्याचे उत्पन्न हिशेबात धरावे आणि त्यातील एक भाग सोयाबीनच्या हमीभाव खरेदीसाठी राखून ठेवावा. ज्या धोरणाने भाव पडतो त्याच धोरणाने तो सावरला पाहिजे, एवढाच यातला न्याय आहे. तिसरी, खरेदी केंद्रे मळणीच्या दिवशी उघडावीत, दिवाळी उलटल्यावर नव्हे. चौथी, अन्न महामंडळाचा तांदूळ डिस्टिलरीला देण्यापूर्वी रेशनकार्डाविना राहिलेल्या कुटुंबांचा विचार व्हावा.

पाचवी गोष्ट मागणीपेक्षा विधायक कार्याच्या स्वरूपाची आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा इंडियन ऑइलचा कारखाना सुरू झाला. कळंबच्या शिवारात दरसाल कापसाची पऱ्हाटी उपटली जाते. काही चुलीत जाते, पुष्कळशी बांधावर जाळली जाते. तिच्यापासून इथेनॉल किंवा अन्य इंधन निघू शकते आणि पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर गेली तर गुलाबी बोंडअळीचाही अटकाव होतो. मात्र दोन अटी आहेत. ज्या घरची चूल पऱ्हाटीवर पेटते त्या घराचे सरपण काढून घेता कामा नये. आणि असा कारखाना झालाच तर तो पऱ्हाटी देणाऱ्यांच्या सहकारी मालकीचा असावा. अन्यथा शेतकरी पुन्हा केवळ गाडी भरून देणारा राहील.

कार्यकर्त्यांनी या प्रश्नाचा प्रचार करताना गाडीच्या रबरी नळ्यांत अडकून पडू नये. या हंगामात बाजार समितीच्या आवारात बसून रोजचा भाव, रोजची आवक आणि खरेदी केंद्रावरून परत पाठविलेल्या मालाची नोंद ठेवावी. डिस्टिलरीच्या ठरलेल्या दराचा आकडा तिच्याशेजारी लिहावा आणि दोन्ही आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. मोटार कोणत्या इंधनावर चालवावी हे अभियंत्यांनी ठरवावे. त्या इंधनाच्या व्यवहारात जोखीम कोणी उचलावी आणि हमी कोणाला मिळावी, हे ठरविण्याचा हक्क मात्र कळंबच्या सोयाबीन उत्पादकाला पुण्या-दिल्लीच्या मोटार कारखानदाराइतकाच आहे. तो कोणी आपण होऊन देणार नाही. तो मागून, मोजून आणि संघटित होऊन घ्यावा लागेल.